ग्रहाचा लेट मार्क

"काका, ग्रह लेट नाहीये. तुमचं घड्याळ पुढे आहे," स्पृहा म्हणाली.

फोन स्पीकरवर होता. स्वयंपाकघरात पोहे परतणाऱ्या सुहासिनीबाईंनी ते ऐकलं आणि गॅस बारीक केला. दीनानाथ परचुऱ्यांच्या घड्याळाला कोणी नावं ठेवतंय, असं कोथरूडच्या त्या फ्लॅटमध्ये आजवर घडलं नव्हतं.

परचुरे बत्तीस वर्षं बस डेपोत टाइमकीपर होते. गाडी किती वाजता आली ते कागदावर उतरवायचं आणि उशीर झाला असेल तर लाल शाईने लेट मार्क द्यायचा, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर माणसं बागेतल्या बाकावर बसून सुनांविषयी बोलतात. परचुरे गच्चीवर दुर्बीण लावून बसले. हौशी आकाशनिरीक्षकांच्या मंडळाने त्यांच्याकडे एक ग्रह सोपवला होता. आपल्या सूर्यासारखाच एक तारा, आणि त्याला अगदी खेटून फिरणारा, गुरूपेक्षाही मोठा, तापलेल्या वायूचा गोळा. हा ग्रह दिसत नाही. तो ताऱ्यासमोरून जातो तेव्हा ताऱ्याचा उजेड शंभरात जेमतेम दीड भागाने कमी होतो, आणि दुर्बिणीला जोडलेला कॅमेरा ते टिपतो. ती वेळ नोंदवायची, एवढंच. तीन दिवस साडेबारा तासांत त्याची ताऱ्याभोवतीची फेरी पुरी होते. त्याचं वर्षच मुळी तेवढं.

"साडेतीन दिवसांचं वर्ष?" सुहासिनीबाईंनी तेव्हा विचारलं होतं. "म्हणजे आठवड्याला दोन दिवाळ्या. फराळ कोण करणार?"

परचुऱ्यांना मात्र हा ग्रह फार आवडला. ना पंक्चर, ना मोर्चा, ना रस्ता खोदलेला. फक्त एक खोट होती. दोन हिवाळ्यांत मिळालेल्या अकराही नोंदींत तो ठरल्या वेळेपेक्षा सात मिनिटं उशिरा आला होता. परचुऱ्यांनी सवयीने प्रत्येक नोंदीपुढे लाल शाईने 'लेट' लिहून कागद मंडळाला पाठवून दिले.

स्पृहा खराडीला नोकरी करायची आणि सुट्टीच्या दिवशी मंडळाच्या नोंदी तपासायची. "काका, जगभरातले लोक हाच प्लॅनेट बघतात. सगळ्यांकडे तो राइट टाइम येतो. फक्त कोथरूडला लेट."

"कोथरूडला सगळंच लेट येतं," परचुरे म्हणाले. "त्याचं खापर माझ्या घड्याळावर फोडू नकोस."

सुहासिनीबाई झारा हातात घेऊनच बाहेर आल्या. "अहो, लॅपटॉपसुद्धा पुढे ठेवलाय का तुम्ही?"

परचुऱ्यांनी लॅपटॉपच्या कोपऱ्यातली वेळ पाहिली.

त्या घरातलं एकूणएक घड्याळ सात मिनिटं पुढे असे. भिंतीवरचं, टेबलावरचं, मनगटावरचं. त्यामुळे माणूस वेळेत घराबाहेर पडतो, असं परचुऱ्यांचं म्हणणं. सुहासिनीबाई अडतीस वर्षं मनातल्या मनात सात वजा करत आल्या होत्या आणि हव्या तेव्हाच घराबाहेर पडत होत्या. लॅपटॉप आला तेव्हा तो आपली वेळ आपणच लावतो हे पाहून परचुऱ्यांना राग आला होता. ती सोय बंद करून त्यांनी त्यालाही घरच्या शिस्तीत बसवलं होतं. दुर्बिणीतले सगळे फोटो त्याच लॅपटॉपच्या वेळेने निघत होते.

स्पृहा हसत सुटली. "मग इश्यूच नाही, काका. सगळ्यांतून सात मायनस करू. डेटा एकदम मस्त आहे तुमचा."

फोन बंद झाला. पोहे समोर आले, पण परचुरे नुसते चमच्याने शेंगदाणे बाजूला काढत बसले.

"ग्रहाने काही मनाला लावून घेतलं नसेल," सुहासिनीबाई म्हणाल्या. "खा आता."

"ग्रहाचं नाही गं. बजरंगचं."

बजरंग कोंढरे कात्रजहून येणाऱ्या पहिल्या गाडीवर चालक होता. वर्षभर एकही लेट मार्क नसलेल्या चालकाचा जानेवारीत शाल-श्रीफळ देऊन सत्कार व्हायचा. सत्त्याण्णव साली बजरंगची पाटी नोव्हेंबरपर्यंत कोरी होती. एका सकाळी डेपोचं घड्याळ दुरुस्तीला गेलं होतं, म्हणून परचुऱ्यांनी मनगटावरचं पाहिलं. सात वाजून आठ मिनिटांनी येणारी गाडी सात वाजून बारा मिनिटांनी आली. त्यांनी लेट मार्क दिला. बजरंग म्हणाला होता, "सायेब, टपरीवर रेडिओच्या बातम्या आत्ता कुठं लागल्यात. सात वाजून पाच."

"रेडिओ डेपोत नोकरीला नाही," परचुरे म्हणाले होते. तेव्हा भोवतालची माणसं खूप हसली होती.

"सात वजा करायचे राहिले," परचुरे आता म्हणाले. "तो तीन मिनिटं आधी आला होता. पुढे कधीच त्याचं वर्ष कोरं गेलं नाही. मी माणसाचं नुकसान केलं, आणि वर त्याची चेष्टा केली." त्यांना खरोखर लाज वाटत होती आणि ती लपवावी असंही वाटत नव्हतं.

"मग आज जाऊन या."

"जाताना शाल घेऊन जाऊ का?"

"शाल देऊन मोकळे होऊ नका. काय चुकलं ते लिहून द्या."

कात्रजच्या पुढे, जिथे आता शेतांवर इमारती उभ्या आहेत, तिथे बजरंगने स्वतःच्या जागेत दुमजली घर बांधलं होतं. तो ओट्यावर लसूण सोलत बसला होता. त्याने परचुऱ्यांना लांबूनच ओळखलं.

"या, परचुरे सायेब. आज कुनाला लेट मार्क द्यायला आलाय?"

"मलाच," परचुरे म्हणाले. चहा येईपर्यंत त्यांनी सगळं सांगितलं, ग्रहापासून मनगटावरच्या घड्याळापर्यंत. मधे काही गाळलं नाही.

बजरंगने ऐकून घेतलं. "म्हंजे त्या गिरहानं सांगितलं तवा तुमाला पटलं. मी सांगत व्हतो, तवा नाय पटलं."

"नाही पटलं. माझं चुकलं, बजरंगराव."

"जाऊ द्या. शाली काय, लेकीच्या लग्नात चौदा मिळाल्या. कपाटात जागा नाय." तो हसला. परचुऱ्यांनी दिलेला कागद त्याने हात पुसून घेतला, लांब धरून वाचला, आणि त्याचं हसू मावळलं. तो हळू आवाजात म्हणाला, "आईनं सत्काराला यायला ठेवणीतलं लुगडं काढून ठेवलं व्हतं. म्या लेट आलो, हे तिला कधीच खरं वाटलं नाय. चला, आत हाय ती."

आतल्या खोलीत सोजरबाई खाटेवर पडून होत्या. वय नव्वदीचं, ऐकायला कमी. बजरंगने त्यांच्या कानाशी वाकून काहीतरी सांगितलं आणि कागद परचुऱ्यांच्या हातात दिला.

"तुमीच वाचा. मोठ्यानं."

परचुऱ्यांनी दाराशी चपला काढल्या, चष्मा लावला. "दिनांक चौदा नोव्हेंबर एकोणीसशे सत्त्याण्णव. कात्रजहून येणारी पहिली गाडी. चालक, बजरंग कोंढरे. यायची वेळ सात वाजून आठ मिनिटे. आली सात वाजून..."

"थांबा," सोजरबाई म्हणाल्या.

त्या बजरंगच्या हाताला धरून उठून बसल्या. विस्कटलेले केस मागे सारले, पदर डोक्यावरून नीट घेतला, आणि लेकाला आपल्या शेजारी बसायची खूण केली.

"हां. आता वाचा."

परचुरे ताठ उभे राहिले आणि त्यांनी पुन्हा तारखेपासून सुरुवात केली.