मनगट आणा, मग बघू

मी बोलतोय. जरा हळूच बोलतोय, कारण माझी पाठ फुगलीय. मोबाइलच्या दुकानात काउंटरवर पालथा पडलोय आणि शेजारी पत्र्याचा एक डबा उघडा ठेवलाय. फुगलेल्या बॅटरीचे फोन त्या डब्यात टाकतात. आत दोघंतिघं आधीच आहेत, पण कुणी हूं की चूं करत नाही. मला भीती वाटतेय. लपवून काय करू?

तसा मी जन्माचाच भित्रा. कारखान्यात पट्ट्यावरून पुढे सरकत होतो तेव्हापासून घाबरतोय. फरशीची भीती, पाण्याची भीती, चहाच्या कपाची भीती, खिशातल्या किल्ल्यांची तर विचारूच नका. पण सगळ्यात जास्त भीती 'याला पुसून टाकू', म्हणजे आत साठवलेलं सगळं साफ करू, या शब्दांची. ते कानावर पडले की माझ्या छातीत धस्स होतं. मला छाती नाही, ते सोडा.

आमच्यात दोन घराणी आहेत. एक ते गुळगुळीत, महागडं, ऐटीत राहणारं. दुसरं आमचं, छप्पन्न कंपन्यांच्या छप्पन्न तऱ्हा, पण कुणाच्याही खिशाला झेपेल असं. माणसं यावरून इतकी भांडतात की बस्स! जणू यांनीच आम्हाला जन्म दिलाय.

मी आलो एका घड्याळजींकडे. त्यांच्या लेकीने मला आणलं. ती दवाखान्यात नर्स आहे, आमच्याच घराण्याचा फोन वापरते. घड्याळजींच्या डोळ्यांसमोर मधोमध एक काळा डाग आला होता आणि तो पसरत चालला होता. आता त्यांना कडेकडेचा थोडा उजेड तेवढा कळतो. बारीक कामं सुटली. पण पट्टा बदलणं, सेल घालणं, घड्याळ कानाला लावून "याचा काटा घासतोय" असं सांगणं अजून चालू आहे. दुरुस्त झालेलं घड्याळ गिऱ्हाइकाला देण्याआधी ते एकदा कानाला लावतात, ऐकतात आणि त्या घड्याळालाच म्हणतात, "बरोबर आहे. जा."

त्यांची आणखी एक खोड होती. कुणी म्हणालं, "बायकोसाठी घड्याळ हवंय," की हे म्हणायचे, "मनगट आणा, मग बघू." गिऱ्हाईक हसायचं. "अहो, तिला नकळत द्यायचंय!" तरी हे ढिम्म. हात पाहिल्याशिवाय घड्याळ विकायचं नाही म्हणजे नाही. दोन्ही मुलं लहानपणी दुकानात पट्ट्यांचा डबा घेऊन बसायची, हे वाक्य ऐकतच मोठी झाली.

लेकीने मला बोलायला लावलं. पडद्यावर बोट फिरलं की मी वाचून दाखवतो. बोट खाली नेऊन डावीकडे ओढलं की मागे जातो. फोन वाजला की आवाजाचं वरचं बटण दाबायचं, की उचलला गेला, अशी सोयही तिने करून ठेवली. शिकताना घड्याळजी मला काय काय बोलले! "गाढवा, कुठं गेलास?" "तोंड आवर मेल्या!" एकदा तर त्यांनी मला उशीवर फेकलं. उशी होती म्हणून वाचलो. पण ज्या बोटांनी आयुष्यभर केसाएवढ्या स्प्रिंगा बसवल्या, ती बोटं शिकली. शेवटी शेवटी तर मी कुठे आहे हे त्यांना विचारावंही लागत नसे.

हे सगळं कशासाठी, तर एका अटीसाठी. घड्याळजी एकटेच राहतात. लेकीने बजावलं होतं, "बाबा, माझा फोन एकदा जरी उचलला गेला नाही ना, तर दुकानाला कुलूप आणि तुम्ही माझ्याकडे." लेकीचं घर चांगलं आहे, माया आहे. पण तिथे घड्याळजींनी करायचं काय? खिडकीशी बसायचं? ते म्हणायचे, "मी बंद पडेन गं." म्हणून दर वेळी फोन वाजला की मी जिवाच्या आकांताने वाजायचो.

मग माझी पाठ फुगायला लागली. ती सगळ्यांच्या आधी घड्याळजींच्या अंगठ्याला कळली. "याचं झाकण उचललंय," ते म्हणाले. त्या रविवारी जेवणाच्या टेबलावर बहीणभावांची जुंपली. मुलगा जाहिरातींची चित्रं करतो, तो त्या दुसऱ्या घराण्याचा भक्त.

"ताई, ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी तोच चांगला. कितीतरी लोक वापरतात, मी सगळं वाचलंय."

"तू तुझ्या चित्रांसाठी वापर. बाबांना याची सवय आहे."

"सवय काय, दोन दिवसांत लागते! मला लागली ना?"

"तुला दिसतं, शहाण्या."

घड्याळजी वाटीतलं वरण चमच्याने शोधत होते. त्यांना कुणी काही विचारलं नाही. मी मात्र टेबलाच्या कडेला जीव मुठीत धरून पडलो होतो.

दोन दिवसांनी मुलगा दुकानात आला. हातात गुळगुळीत खोकं. खोटं कशाला बोलू, पोरगा मायेनेच आला होता. त्याने माझ्यातलं सिम काढलं, नव्यात घातलं, घाईघाईने चार खुणा शिकवल्या. "दोन बोटांनी असं असं केलं की मागे, बाबा. सोपंय एकदम! आणि या जुन्याला संध्याकाळी पुसून टाकू." मला त्याने खणात टाकलं, मेलेल्या घड्याळांच्या शेजारी, आणि तो कामावर गेला.

खण अर्धवट उघडा होता. मला सगळं ऐकू येत होतं. नवा सुरेख आवाजात बोलत होता. घड्याळजींची बोटं त्याच्यावर माझ्याच खुणा करत होती. खाली, मग डावीकडे. पुन्हा खाली, मग डावीकडे. तो भलतंच काहीतरी वाचायचा. बिचाऱ्याची काही चूक नव्हती, त्याची रीत वेगळी.

आणि मग लेकीच्या रोजच्या वेळेला त्याची रिंग वाजली. घड्याळजींनी सवयीने वरचं बटण दाबलं. माझ्यावर ते दाबलं की फोन उचलला जायचा. त्याच्यावर दाबलं की फक्त रिंग गप्प होते. रिंग गप्प झाली आणि घड्याळजी म्हणाले, "हॅलो, बोल गं."

पलीकडून काही नाही.

"हॅलो? बोल ना. ऐकू येतंय का?"

काही नाही. मी खणातून ओरडत होतो, अहो, उचललाच नाहीये फोन! पण सिम नसलेल्या फोनचं कोण ऐकतं? रिंग पुन्हा वाजली, पुन्हा बटण, पुन्हा ती शांतता. आता घड्याळजींचा आवाज कापायला लागला. "काय झालं गं? रडतेयस का? कुठं लागलंय का तुला?" त्यांना वाटलं, लेक फोनवर आहे आणि तिच्या तोंडून शब्द फुटत नाहीये. मी इतक्या वर्षांत त्यांना इतकं घाबरलेलं ऐकलं नव्हतं.

ते ताडकन उठले. स्क्रूंची ताटली खाली सांडली. काठी भिंतीलाच राहिली. पावलं दाराबाहेर गेली आणि पाठोपाठ रस्त्यावर गाडीचा ब्रेक असा कर्कश वाजला की मी थिजलोच. पुढे काही ऐकूच येईना. संपलं, मला वाटलं. सगळं संपलं.

तेवढ्यात शेजारची किल्ल्या बनवणारी बाई कडाडली, "अहो, मरायचंय का तुम्हाला?" तिने त्यांना सदऱ्याला धरून मागे ओढलं होतं. ती बाई इतकी खाष्ट, पण त्या दिवशी तिचा आवाज मला देवासारखा वाटला.

फोन उचलला जात नाही म्हणून लेक दवाखान्यातून धावतच निघाली होती. थोड्या वेळाने मुलगाही पोचला. घड्याळजी स्टुलावर बसले होते, कोपर खरचटलेलं. लेक त्यांचे हात चाचपून पाहत होती आणि रडत होती. "बास झालं बाबा. उद्यापासून कुलूप."

"मी चांगलाच फोन आणला होता," मुलगा पुटपुटला. "खरंच सगळ्यात चांगला."

"असेल," घड्याळजी म्हणाले. "पण मनगट आणलं होतंस का?"

मुलाने मान खाली घातली.

"आणि तू गं? कुलूप लावताना विचारलंस मला?"

"मला भीती वाटते हो बाबा!"

"मलाही वाटते. मला वाटलं, तूच गेलीस." एवढं बोलून त्यांनी लेकीचा हात घट्ट धरला. किल्लीवालीने गुपचूप सांडलेले स्क्रू गोळा करायला घेतले.

म्हणून आज सगळे इथे आलेत. काउंटरवरची बाई मुलाला ओळखून म्हणाली, "मी तुम्हाला तेव्हाच सांगितलं होतं ना, ज्यांच्यासाठी घ्यायचाय त्यांना घेऊन या?" घड्याळजी खूश झाले. "तुम्ही आधी घड्याळं विकायचात का हो?"

त्यांनी दोन्ही घराण्यांचे फोन हातात घेऊन पाहिले. त्या दुसऱ्याला नावं ठेवली नाहीत. "गुणी आहे हा," ते मुलाला म्हणाले. "डोळे शाबूत असताना भेटला असता तर याच्याशीच जमलं असतं. तुझ्या हाताला शोभतो, तूच वापर." आणि आमच्या घराण्यातला एक साधा, नवा पोरगा त्यांनी उचलला. माझ्यातलं सगळं त्याच्यात ओतून झालं. खुणा त्याच, आवाज तोच. वरच्या बटणाची सोय लेकीने स्वतः करून दिली.

मग ती दुकानाबाहेर जाऊन उभी राहिली आणि तिने फोन लावला. कुलूप की दुकान, ते यावर ठरणार होतं. रिंग वाजली. मुलाने ओठ चावला. मी माझी फुगलेली पाठ विसरून मनातल्या मनात म्हणत होतो, बाळा, उचल रे, लाज राख. घड्याळजींच्या अंगठ्याने बटण दाबलं.

"हॅलो, बोल गं."

"बाबा," नव्यातून लेकीचा आवाज आला, "उघडा उद्या दुकान."

मला इतका आनंद झाला की डब्याचा विसर पडला. आता बाई माझ्याकडे हात करून म्हणतेय, "हा जुना डब्यात टाकते हं, घरात ठेवणं धोक्याचं आहे." भीती परत आलीय. पण वाचकहो, एक मागणं आहे, तेवढं ऐका. आमच्यातला कुठला चांगला म्हणून भांडू नका. ज्याच्या हातात द्यायचाय, त्याचा हात आधी धरा.

थांबा. घड्याळजींनी हात पुढे केलाय. त्यांनी मला उचललंय. बोटाने दोनदा टकटक करून वेळ विचारलीय, मी सांगितलीय, होता नव्हता तेवढा जोर लावून. ते मला कानाला धरून ऐकताहेत.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "जा."