रिकाम्या स्टुडिओवरची लाल बत्ती

मी खरं सांगत होते तेव्हा कुणाला पटलं नाही. किती लुकलुकले, किती फडफडले! वायरमन आला, "ढिली झालीय," म्हणाला आणि मला पिळून घट्ट बसवून गेला. मी ढिली नव्हते हो. आत कुणी नाही, एवढंच सांगत होते.

मी रेडिओ स्टेशनची लाल बत्ती. स्टुडिओच्या दारावर माझा जन्म गेला. आत माइक सुरू झाला की पेटायचं, बंद झाला की विझायचं, एवढंच माझं काम. पण माझा वचक होता! मी पेटले की बाहेर चिडीचूप. झाडूवाली मावशी चपला हातात घेऊन पुढून जायची.

आत ताई बोलायची. आवाज काही मधाळ नव्हता, पण बाई गावातली होती. कुठला रस्ता बंद, कुणाचं कुत्रं हरवलं, सगळं सांगायची. पाणीखात्यातला फिटर पाणी कधी बंद त्याची चिठ्ठी घेऊन यायचा आणि माझ्याकडे बघत उभा राहायचा. गाणं लागलं की मी विझायचे, ताई दार उघडायची.

"काय फिटरभाऊ, आज कुणाचं पाणी तोडलंत?"

"तुमचंच तोडणार होतो, पण मग चहा कसला पाजाल?"

दोन मिनिटांत गावभर बातमी.

मग कंपनीनं स्टेशन विकत घेतलं. अशी चाळीस आहेत म्हणे त्यांची. ताईला घरी बसवलं, तिच्या जागी कॉम्प्युटर आला. दूरच्या शहरातला कुणी लाडोबा आठवड्याचं बोलणं एका दिवसात बोलून ठेवतो, तेच चाळीस गावांत वाजतं. गावाच्या नावापुरती जागा मोकळी सोडतो, तिथं नाव चिकटवतात, तेही दुसऱ्याच्या आवाजात. गाणी तीच वीस, पाण्यात पाणी घातल्यासारखी. आणि मॅनेजरसाहेब गावभर सांगत फिरले, नवा निवेदक आला!

वायरमननं साहेबांना विचारलं, "माइकच नाही, तर बत्ती काढू का?"

"वेडा आहेस? कायमची चालू करून टाक. जाहिरातवाले येतात, स्टेशन जिवंत दिसायला नको?"

तेव्हापासून मी खोटं बोलत जळत होते. लाज वाटून लुकलुकले, त्याचं काय झालं ते सांगितलंच.

एका सकाळी फिटर धापा टाकत आला. टाकीत पाणी शुद्ध करायचं औषध भरमसाट पडलं होतं. पाणी पिऊ नका, हे गावाला सांगायचं होतं. आधी त्यानं फोन केला होता. जाहिरातीसाठी एक दाबा, गाण्यासाठी दोन दाबा. पाण्यासाठी आकडाच नव्हता. घरी त्याची म्हातारी आई दिवसभर रेडिओ लावून बसायची. तिलाही इथूनच कळेल, असं त्याच्या मनात.

ऑफिसात चिटपाखरू नव्हतं. आतून आवाज येत होता, "दोस्तांनो, कसली भारी सकाळ आहे!" फिटर माझ्याकडे बघत थांबला. एक गाणं झालं, दुसरं झालं. मी विझेना. त्यानं दोनदा दाराकडे हात नेला, दोनदा मागे घेतला. माणूस बोलतोय, मध्येच कसं घुसायचं? स्वतःची धापसुद्धा दाबून धरली होती बिचाऱ्यानं. आणि मी अशी घट्ट पिळलेली, की फडफडताही येईना.

वीस मिनिटांनी मावशी आली.

"अहो, कुणासाठी थांबलाय?"

"हळू बोला, आत चालू आहे."

मावशीनं दार ढकललं. रिकामी खुर्ची.

"मग बोलतोय कोण?"

"खोकं."

फिटर पळत सुटला, गल्लोगल्ली ओरडत. घरी पोचला तेव्हा आईनं नुकतीच गोळी घेतली होती, भांडंभर पाण्याबरोबर. म्हातारीचा घसा भाजला. जगली, पण आवाज गेला. आता तिच्या घरात फक्त लाडोबा बोलतो.

चौकशीला कंपनीची माणसं आली. प्यायचं पाणी बाटल्यांतून बरोबर आणलं होतं, शहाण्यांनी. तासाभरात कागद तयार झाला. साहेबांना मोठं स्टेशन मिळालं. मला उपटून अडगळीच्या खोलीत टाकलं.

तुम्हाला एकच सांगते. असली बत्ती दिसली तर मान देऊ नका, दारावर लाथ घाला.

तो कागद माझ्याशेजारीच पडलाय. खाली सही साहेबांची. वर लिहिलंय, सूचना वेळेवर गेली नाही, त्याला जबाबदार: लाल बत्ती.