तीन नंबरच्या कोऱ्या ओळी

मी एक जुनी वही आहे, मित्रांनो. प्रेस यंत्रात पत्रा दाबून भांडी करणाऱ्या कारखान्यात, औषधपेटीशेजारी दोरीने टांगलेली. कुणाला लागलं की पट्टी बांधणाऱ्या ताई माझ्यात लिहितात.

मंगळवार. पाच नंबर प्रेस. अंगठा खरचटला.

इतकंच. पण आकडेवाल्या बाई दर महिन्याला येऊन असे ओरखडे मोजायच्या. "बारीक लागणं वाढलं, की तिथेच कुणाचा तरी हात जातो," त्या म्हणायच्या. दोनदा त्यांनी आधीच सांगितलं, दोनदा यंत्र वेळेवर दुरुस्त झालं. साहेबांनी मला नवं पुठ्ठ्याचं कव्हर घातलं. मी फुलून गेले.

मग भिंतीवर फळा आला: अपघाताविना दिवस. शंभर भरले, की सगळ्यांना दोन दिवस सुट्टी. माझ्यात एक ओळ पडली, की फळा शून्यावर.

अठ्ठ्याऐंशीव्या दिवशी तीन नंबर प्रेस चालवणारे मामा बोट दाबत आले.

"लिहू का, मामा?"

"लिही, आणि बाहेर जाऊन पोरांचा मारही तूच खा! अगं, दाढी करताना याहून जास्त कापतं."

ताई हसल्या. पेनाचं टोपण निघालंच नाही.

अठ्ठ्याऐंशी.
एक्क्याण्णव.
चौऱ्याण्णव.

तिन्ही वेळा मामाच. तिन्ही वेळा मी कोरी.

शहाण्णवाव्या दिवशी बाई आल्या. हात आत जाऊ न देणारी नवी जाळी आली होती, एकच. बाईंनी मला चाळलं. पाच नंबरच्या जुन्या दोन ओळी. तीन नंबरची एकही नाही.

"जाळी पाचला लावा."

मामा दारातच होते. त्यांनी तोंड उघडलं, फळ्याकडे पाहिलं.

"काय हो मामा?" बाईंनी विचारलं.

"काही नाही. चहा आला का बघत होतो."

सत्त्याण्णव.

अठ्ठ्याण्णव. तीन नंबर प्रेस. उजव्या हाताची दोन बोटं.

ही ओळ लिहिताना ताईंचं पेन कागदातून आरपार गेलं.

दीड महिन्याने मामा आले. ताईंकडून त्यांनी पेन मागितलं. डाव्या हाताने, वाकड्यातिकड्या अक्षरांत त्या तीन तारखा लिहिल्या. प्रत्येकीपुढे तेच: तीन नंबर. बोट कापलं. सांगितलं नाही.

अपघातापासून बंद असलेल्या तीन नंबरला त्या दिवशी दुसरी जाळी लागली.

मित्रांनो, माझी पानं स्वच्छ ठेवू नका. थोडं लागलं तरी लिहा. कोऱ्या ओळीवरून मी कुणाला सावध करू?