वजा सत्त्याण्णव

मित्रांनो, आधी हिशेब सांगतो, मग माझी ओळख. थोरल्याला मिळणार होती एक खिडकी. बस, एवढंच. पण घरात खिडकी एकच असली की तिचा भाव चढतो, आणि ती आपल्याला मिळावी यापेक्षा दुसऱ्याला मिळू नये यातच माणसाला जास्त गोडी वाटते.

मी एक जुना लाकडी गुण्या आहे. तुमच्या कंपासपेटीत काटकोनाचा प्लास्टिकचा गुण्या असतो ना, त्याचा पणजोबा समजा. ज्या सुतारानं मला घडवलं, तो माझा कोपरा पुनःपुन्हा तपासून म्हणाला होता, "हा झिजेल, पण खोटं बोलणार नाही." पुढे मी घरांचे नकाशे काढणाऱ्या एका माणसाकडे आलो. गल्लीत त्याला सगळे रेघोट्या म्हणत. सुरुवातीला तो मला टेकवल्याशिवाय नकाशा हातावेगळा करत नसे. मग त्याला समीकरणांची चटक लागली. "आकडे मांडले की झालं, लाकूड कशाला घासायचं?" म्हणत त्यानं मला खिळ्याला टांगलं. तिथे माझ्यावर धूळ बसली.

त्याच सुमारास दोन भाऊ वडिलांच्या घराची वाटणी करायला निघाले. मोठी खोली एका भिंतीनं दुभागायची होती. डावा भाग थोरल्याचा, उजवा धाकट्याचा. त्यांची आत्या धाकट्याकडे राहणार होती. आयुष्यभर शाळेत गणित शिकवून ती आता दिवसभर त्याच खोलीच्या मागच्या खिडकीशी बसे. डोळे अधू झाले होते, तेवढाच उजेड तिला पुरायचा.

रस्त्याकडची भिंत जरा तिरकी होती. नकाशावर आडवं दहा हात गेलं की ती एक हात वर सरके. म्हणजे चढ एक दशांश. तिच्यावरच्या खुंटीपासून नवी भिंत काटकोनात, म्हणजे लंब, उभी करायची होती. लंब रेषेसाठी चढ उलटा करायचा आणि चिन्हही बदलायचं: वजा दहा. दोन चढांचा गुणाकार वजा एक आला की समजा काटकोन जमला. रेघोट्यानं चढ उलटा केला, चिन्ह मात्र विसरला. भिंत उजवीकडे कलली आणि खिडकी थोरल्याच्या वाट्याला गेली.

नकाशा न्यायला थोरलाच आला. तेवढ्यात रेघोट्याच्या लक्षात चूक आली.

"वजा राहिला हो. पुन्हा काढतो."

"राहू द्या की. एवढ्याशा रेघेनं कोणाचं काय अडतंय?"

"धाकट्याला कळलं तर?"

"त्याला कळत असतं तर त्यानं मला पाठवलं असतं का?"

रेघोट्या हसला. पुन्हा काढायची मेहनत त्याचीही वाचत होती. वर त्यानं मला काढून थोरल्याच्या हातात दिलं, "गवंड्याला द्या, उपयोगी पडेल."

भिंत उभी राहिल्यावर गवंड्यानं मला धाकट्याच्या बाजूच्या कोपऱ्यात टेकवलं. माझं टोक आत जाईना. मागे काळोखी फट उरली.

"बसत नाही," गवंडी म्हणाला.

"जुनं लाकूड, वाकलंय," थोरला म्हणाला. मला तिथेच सोडून सगळे गेले.

आत्याची खुर्ची आता अंधारात होती. एका दुपारी तिनं धाकट्याकडून मापं वदवून घेतली आणि तोंडी हिशेब केला.

"चिन्ह विसरले. निम्मा वर्ग हेच करायचा."

"जाऊ दे ना गं आत्या, दोन हात जागेसाठी काय भांडायचं?"

"जागेचं नाही रे म्हणत मी. भिंत थांबते, रेषा थांबत नाही. ही कुठून येते ते बघ." ती बोटांवर मोजत बोलली, "डावी भिंत हा उभा अक्ष धर. खुंटी उजवीकडे दहा हात, वर तीन. मग y = 10x − 97. ही रेषा अक्षाला कापते वजा सत्त्याण्णववर. डाव्या भिंतीच्या सरळ रेषेत, रस्त्यापलीकडे. तिथे काय आहे?"

तिथे बुजवलेला आड होता. तो का बुजवला, हे मोठी माणसं मुलांसमोर बोलत नसत.

"खरी भिंत एकशे तीनला कापणारी होती," आत्या म्हणाली. "मागच्या मोकळ्या माळावर."

मग भिंतीला ओल आली. ओल खाली ओघळते, मित्रांनो. ही आडवी चालत होती, खुंटीपासून आत, पट्टीनं आखल्यासारखी. मी लाकूड आहे, कोणी टेकलं की मला वजन कळतं. माझ्या मागच्या फटीत कोणीतरी टेकून उभं होतं.

आत्यालाही ते कळलं असावं. ती कोपऱ्याकडे बघून म्हणाली, "तूही उजेडासाठीच आलास होय?"

ओल खिडकीपर्यंत पोहोचली त्या दिवशी भर दुपारी थोरल्यानं खिडकीला फळ्या ठोकल्या. कारण तिच्यातून परस दिसेनासं झालं होतं. बाहेर गोल दगडी भिंत होती आणि वर, खूप वर, नाण्याएवढं आभाळ. दुसऱ्या दिवशी तो स्वतःच धाकट्याच्या दारात आला. "पाड ती भिंत," एवढंच म्हणाला. धाकट्यानं आत्याच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. ती पहाटेच रिकामी झाली होती.

नवी भिंत माझ्या कोपऱ्यानं बांधली. गवंडी म्हणाला, "बसला." खिडकी धाकट्याच्या बाजूला आली. पण जुनी रेषा त्याच्या जमिनीवर ओली राहिली आहे, खुंटीपासून खिडकीपर्यंत. कोपऱ्यात आता फट नाही. तरी माझ्यावर वजन आहे. आता ते दोघांचं आहे.

म्हणून विनवतो, जुन्या अवजाराला खिळ्याला टांगू नका. आकडे मांडा, पण एकदा टेकवूनही बघा.

रेघोट्याची मेहनत वाचली. थोरल्यानं खिडकी मिळवली आणि घालवली. धाकट्याला ती परत मिळाली, पण तिच्याशी कोणी बसत नाही. आत्यानं कोणाचं काहीच घेतलं नव्हतं. भरलं ते तिनंच.