मास्तरांनी सांगितलेला शेवट

गिरीजमध्ये आवडता सिनेमा कोणता, हा प्रश्न कोणी कोणाला विचारत नसे. गावाचा सिनेमा एकच, ‘खाडीपलीकडचा दिवा’. चर्चच्या सणाला पटांगणात पांढरी चादर ताणून तो दाखवला होता, आणि त्याला इतकी वर्षं उलटली तरी तो लोकांच्या तोंडातून जायला तयार नव्हता. थेट्रात जाऊन दुसरे सिनेमे पाहणारे नव्हते असं नाही. पण चारचौघांत बोलायचं ते याच एका सिनेमाबद्दल, कारण तो फादरांच्या डोळ्यांदेखत पाहिलेला, म्हणजे बिनपापाचा.

त्यातली खरी गंमत वेगळीच होती. मशीनवाला शेवटचं रीळ एसटीत विसरून आला होता. परगावी गेलेल्या नवऱ्यासाठी रोज खाडीच्या काठावर दिवा लावणारी ती बाई पडद्यावर नुसती उभी, आणि फटकन चादर पांढरी! पोरं शिट्ट्या मारायला लागली तेव्हा इग्नेशियस मास्तर माइक घेऊन उभे राहिले आणि त्यांनी शेवट तोंडानंच सांगून टाकला. नवरा परत आला, दोघांनी गुडघे टेकून देवाचे आभार मानले, आता सगळ्यांनी उभं राहा, प्रार्थना होईल. मास्तरांनी तरी तो सिनेमा कुठं पाहिला होता! पण मास्तर बोलले म्हणजे गावाला शुभवर्तमानच. गिरीजपुरता तो नवरा परत आला तो आलाच.

क्लाराला मात्र खरा शेवट ठाऊक होता, आणि तीच तिची पंचाईत होती.

दिवाळीनंतर वसईच्या थेट्रात तो जुना सिनेमा मॅटिनीला लागला. क्लारानं टायपिंगच्या क्लासला दांडी मारली आणि तो पाहिला. एकटीनं नव्हे. क्लासमधला शत्रुघ्न बरोबर होता, खाडीकडच्या काळूराम शेतकऱ्याचा मुलगा. कोणीतरी ते थोरल्या भावाच्या, आग्नेलच्या, कानावर घातलं. आग्नेल म्हणजे साधं प्रकरण नव्हे. बांधावरून शेजाऱ्याशी वाजलं तेव्हा त्याच्या लोंगर आलेल्या केळी कोयत्यानं आडव्या करून आलेला माणूस तो. वडील गेल्यापासून घरात त्याचाच शब्द चाले.

क्लारानं रोजरी हातात घेऊन शपथ घेतली की मी थेट्राची पायरी चढलेली नाही. आग्नेलनं विश्वास ठेवला. पण म्हणाला, “खरं निघालं असतं ना, तर त्या पोराचे पाय मोडून त्याला खाडीत टाकला असता. आणि तुझा क्लास बंद. महिन्याभरात लग्न.” तो बोलला तसं करतो, हे क्लाराला पक्कं माहीत होतं. त्या दिवसापासून शत्रुघ्नचे पाय जणू तिच्या जिभेवर टांगलेले होते.

आणि लग्नाचं तर आग्नेलनं तरीही काढलंच. रविवारी चर्चमधून मिस्सा सुटल्यावर नंदाखाल गावचे पाहुणे आले. मस्कतला नोकरीला असलेला वॉल्टर, त्याची आई बर्थाबाय, आणि मध्यस्थ म्हणून आपले इग्नेशियस मास्तर. ओटीवर चहा, केक आणि वाडीतली केळी वाळवून केलेल्या सुकेळ्यांची ताटली आली. क्लाराची आई सालोमी दाराशी पाटावर बसली. सालोमी म्हणजे सिनेमाची जन्माची वैरीण. त्या सणाच्या दिवशीसुद्धा ती चादरीकडे पाठ करून वालाच्या शेंगा सोलत बसली होती.

“आमच्या वॉल्टरला सिनेमाचं भारी वेड,” बर्थाबाय म्हणाली. “सांग रे, तुझा सगळ्यात आवडता कुठला?”

वॉल्टरनं कुठल्याशा मारामारीच्या सिनेमाचं नाव घेतलं. मग त्याच्यावर आग्नेल तुटून पडला, “ह्यॅ! सिनेमा म्हणजे आमचा ‘खाडीपलीकडचा दिवा’!” मास्तर खुलले. त्यांनी नवऱ्याला पुन्हा एकदा खाडीपार आणला, गुडघे टेकायला लावले आणि वर आपले डोळेही पुसले. बर्थाबायनं त्यांच्याबरोबर आपलेही पुसून घेतले.

“मी नाही पाहिला,” वॉल्टर म्हणाला. “तिकडे आमच्याकडे असले पिक्चर येत नाहीत.” मग तो सरळ क्लाराकडे वळला. “तुम्हाला काय आवडलं त्यात?”

त्यानं इतक्या साधेपणानं विचारलं, की क्लारा क्षणभर विसरलीच आपण कुठं बसलोय ते. ज्या सिनेमानं रात्र-रात्र झोप येऊ दिली नव्हती, त्याच्याबद्दल कोणीतरी पहिल्यांदाच तिला विचारत होतं.

“शेवटी ती एकटी पानी ओलांडून जाते ना, ते.”

बोलली आणि जीभ चावली. पण तोंडातून सुटलं ते सुटलं.

“कोण ओलांडून जाते?” आग्नेलनं विचारलं. पाहुण्यांसमोर चेहऱ्यावर हसू होतं, पण ते ओठांपुरतंच. “नवरा येतो ना परत? आताच मास्तरांनी सांगितलं.”

मास्तरांनी चहाच्या कपात मान घातली. नवरा परत येतो हे खोटं आहे, हे गावात कोणाला ठाऊक असेल तर क्लाराइतकंच त्यांना, आणि या घडीला त्यांना क्लारापेक्षा स्वतःची काळजी जास्त पडलेली दिसत होती.

“मी आपलं... असंच...” क्लारा म्हणाली.

“असंच कसं? हा शेवट तू बघितलास कुठं?” आग्नेलचा आवाज गोडच होता. तिला तोच आवाज सगळ्यात भयंकर वाटला. इनेझनं सांगितला म्हणावं, तर मैत्रीण इनेझचं घर कुंपणापलीकडे. आग्नेल इथूनच हाक मारील, आणि ती भोळी काय बोलेल याचा नेम नाही. क्लारा ताटलीतली सुकेळी उगाच सारखी करायला लागली. वॉल्टर तिच्या हाताकडे बघतोय हेही तिला दिसत होतं. तिच्या डोळ्यांपुढे मात्र क्लासच्या पायऱ्या उतरणारा शत्रुघ्न होता, आणि त्याच्या वाटेवर उभा आग्नेल.

“तिला काय विचारतोस? मी नेलं होतं तिला,” सालोमी म्हणाली.

आग्नेलनं आईकडे असं बघितलं, जसं काही ती अचानक इंग्रजीत बोलली.

“तू? थेट्रात?”

“हो, मी. गावभर त्या सिनेमाचं एवढं कौतुक, म्हटलं एकदा बघावं मरायच्या आधी. आणि लाज वाटली म्हणून मीच तिला दटावलं, कोणाला सांगायचं नाही, शपथ घ्यायची वेळ आली तरी नाही. तिचं पाप माझ्या डोक्यावर.”

बर्थाबाय खुदकन हसली. “अगं बाई, सालोमीबाय!”

आग्नेल हसला नाही. तो पुढे सरकून बसला. आई खोटं बोलत नाही हे त्याला माहीत होतं, आणि आई थेट्रात जात नाही हेही. दोन्ही एकदम खरं कसं असेल, हेच त्याला उमगत नव्हतं.

“मग सांग तर आम्हालाही, आय. काय होतं शेवटी?”

क्लारानं डोळे मिटून घेतले. संपलं! आईला त्या सिनेमातली बाई काळी की गोरी हेसुद्धा ठाऊक नव्हतं.

“काय होणार?” सालोमी पदर सारखा करत म्हणाली. “नवरा कसला येतोय! तो तिकडे दुसरं घर करून बसलेला. नावाडी येऊन तिला सांगतो. ती रडत नाही, भांडत नाही. दिव्यात तेल घालते, हिरवं लुगडं नेसते आणि दिवा घेऊन होडीत बसते. नावाडी म्हणतो, कुठं सोडू? ती म्हणते, पलीकडे. नवऱ्याकडे का? ती म्हणते, नाही, नुसती पलीकडे. मग लांबवर दिवा तेवढा दिसत राहतो.”

शब्द न् शब्द ओळखीचा होता. क्लारानं चटकन डोळे उघडले. कारण हिरवं लुगडं सिनेमात नव्हतंच. ते तिनं स्वतःच्या मनानं घातलं होतं, विहिरीवर इनेझला गोष्ट सांगताना.

आणि आग्नेलनं नेमकं तेच पकडलं. “आय, सिनेमा काळा-पांढरा आहे. सगळ्या गावानं बघितलाय. हिरवं कुठून आणलंस?”

मास्तरांनी कप तोंडाशी नेला तो तसाच धरून ठेवला.

“आणि तू जन्मात कधी लुगडं धुतलंयस?” सालोमी म्हणाली. “मी लग्न झाल्यापासून धुतेय. तुझ्या आजीची, माझी, हिची. काळ्या-पांढऱ्यात हिरवं कसं दिसतं आणि तांबडं कसं, ते मला कोणी शिकवायला नको. मर्दांना काय कळतंय त्यातलं!”

“खरं आहे बाई,” बर्थाबाय म्हणाली. “हिरवं लगेच ओळखू येतं.”

वॉल्टर मोठ्यानं हसला. मास्तरांनीही घसा खाकरून घेतला. “त्या दिवशी आपल्याकडे आलेलं रीळ कदाचित वेगळं असेल हो,” ते म्हणाले. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! आग्नेलनं सुकेळ्यांची ताटली उचलून पाहुण्यांपुढे केली. प्रसंग टळला होता.

पाहुणे उठले. विचार करून कळवतो म्हणाले. आग्नेल त्यांना एसटीपर्यंत पोचवायला गेला. क्लारा मागच्या दारी आली, तर आई कपबशा राखेनं घासत बसलेली. क्लारा तिच्या शेजारी बसली. रडू येत होतं, हसूही येत होतं. आईच्या गळ्यात पडावंसं वाटत होतं, पण आईचा चेहरा तसा नव्हता.

“तू विहिरीवरचं ऐकलंस,” क्लारा म्हणाली.

“मी केळीत आळी करत होते. विहिरीवर बोललेलं घुमतं, बाय. पुढच्या खेपेला लक्षात ठेव.”

“तेव्हापासून तुला...”

“तेव्हा सिनेमा कळला. माणूस आज कळला.” सालोमीनं एक बशी पाण्यात बुडवली. “पानी ओलांडून, म्हणालीस. आपल्या वाडीत पाणी म्हणतात. पानी म्हणतात ते खाडीकडचे. आग्नेल म्हणत होता तो पोरगा खरा, तर.”

क्लारानं ती बशी घेऊन पुसली. खोटं बोलायची तिच्यात ताकद उरली नव्हती, आणि आज आईनं तिच्या वाटचंही बोलून टाकलं होतं. शनिवारी कुमसाराला म्हणजे पापं कबूल करायला जाऊन फादरांपुढे ते सगळं आईलाच सांगावं लागणार होतं.

“चांगला आहे तो, आय,” ती शेवटी म्हणाली.

सालोमी कप घासत राहिली, स्वच्छ झालेलाच पुन्हा पुन्हा. मग कपावरची नजर न काढता तिनं विचारलं, “ती होडीत बसून गेली ना, ती बाई. तिला आई होती का गं त्या सिनेमात?”

क्लारानं आठवून पाहिलं. “नाही. नव्हती.”

“वाटलंच मला,” सालोमी म्हणाली, आणि कप उपडा घालून तिनं दुसरा घेतला.