वाटाण्यांच्या पिशवीखाली

मित्रांनो, बोलायला माझी ना नाही, पण आधी तो दिवा बाजूला घ्या. मी कृष्णधवल फिल्मचा एक जुना रोल आहे, आणि उजेडाचा मला जन्मापासून संशय. नको त्या वेळी तो आत शिरला, की आमचं वाटोळं झालंच म्हणून समजा.

माझा जन्म बेल्जियममधल्या एका कारखान्यात, मिट्ट काळोखात झाला. एकमेकांवर आपटू नये म्हणून तिथली माणसं चालताना शीळ घालायची. त्यांतल्या लुतगार्टची शीळ सगळ्यांत बेसूर, पण तिच्या हाताखाली पट्टीवर चांदीचा लेप कसा सायीसारखा बसायचा. ढगाळ आभाळाच्या करड्या छटा आमच्याइतक्या कोणावरच उमटत नाहीत, असं लोक म्हणायचे. ऐकून बरं वाटायचं. तरी मनात यायचं, एवढी स्तुती चाललीय म्हणजे पुढे काहीतरी वाढून ठेवलेलं असणार.

मला विकत घेतलं वान्नेसने. हा लुतगार्टचा धाकटा भाऊ. फोटो काढणं हाच त्याचा धंदा, आणि आमच्याशिवाय दुसऱ्या फिल्मला तो हात लावायचा नाही. संशय घेण्यात तर तो माझाही बाप. एकदा कारखान्याने आमच्या खोक्याचा हिरवा रंग बदलून निळा केला, तर हा दुकानातच थबकला. रंग बदलतायत म्हणजे आत काहीतरी शिजतंय, ही फिल्म बंद करणार, असं त्याने ठरवूनच टाकलं. गुरुवारी फोटो क्लबाची मंडळी बिअर घेऊन बसली, तेव्हा त्याने ते हळूच सगळ्यांच्या कानात सोडलं. कुजबुज गावोगावच्या क्लबांत पोचली आणि दुकानं रिकामी झाली. आम्ही पेट्यांनी वान्नेसच्या तळघरात आलो. थंडीत फिल्म टिकते, म्हणून फ्रीझरमध्ये वाटाण्यांच्या पिशवीखाली जाऊन पडलो.

कारखान्याला वाटलं, लोकांना आमचं वेडच लागलं. त्यांनी लेपाचं यंत्र चालवलं. एका भाकरीपुरती कोणी गिरणी चालू करत नाही, तसं ते यंत्र. चालवलं की ढीगच निघायचा. पण पुढे गिऱ्हाईक फिरकेना. माल मुदत संपून फेकावा लागला. शेवटी मालकांनी सांगितलं, वसंतापर्यंत पुरेशी मागणी आली तर ठीक, नाहीतर ही फिल्म कायमची बंद आणि लुतगार्टचा काळोखातला विभागही बंद.

वान्नेस म्हणाला, म्हटलं नव्हतं मी? मग त्याने मालकांवर संशय घेतला, डिजिटल कॅमेरेवाल्यांवर घेतला, बिचाऱ्या दुकानदारालाही सोडलं नाही. मला त्याचं सगळं पटत होतं.

एका रविवारी लुतगार्ट जेवायला आली. वाटाणे आणायला तळघरात उतरली, फ्रीझरचं झाकण उघडलं आणि पिशवी उचलून तशीच उभी राहिली. मग तिने भावाला खाली बोलावलं.

"हे काय रे?"

"तुमच्या मालकांचा भरवसा नाही, ताई. आधीच भरून ठेवली."

"आणि यंदा किती घेतलीस?"

"यंदा कशाला घेऊ? एवढी पडलीय की. क्लबातल्या सगळ्यांचे फ्रीझर असेच भरलेत." हे तो अभिमानाने म्हणाला.

"अरे शहाण्या, मग मागणी येणार कुठून? फिल्म कोणी मारली म्हणून गावभर शोधत फिरतोस, आणि मढं तुझ्याच फ्रीझरमध्ये."

वान्नेसचा चेहरा खर्रकन उतरला. माझंही तेच झालं. मी सगळ्या जगावर संशय घेतला, पण ज्याने मला इतक्या प्रेमाने घरी आणलं त्याच्यावर कधी घेतला नव्हता.

त्याने क्लबात सगळ्यांच्या विनवण्या केल्या, नवीन फिल्म मागवा म्हणून. मंडळींना वाटलं, हा बहिणीच्या नोकरीसाठी माल खपवतोय. कोणी मागवली नाही. वसंतात यंत्र थांबलं.

शेवटच्या दिवशी लुतगार्ट कारखान्याच्या फाटकाशी उभी राहिली. डोळे सुजलेले, पण केस नीट विंचरलेले. "माझा एक फोटो काढ," ती म्हणाली. "माझ्या हातच्या फिल्मवर."

वान्नेसने मला खिशातून आणलं होतं. त्याचा अंगठा डबीच्या झाकणावर आला. आली माझी वेळ, असं वाटून मी हरखलो. पण तो घुटमळला.

"ताई, आता ही पुन्हा मिळणार नाही गं. हिला जपून ठेवतो." आणि त्याने खिशातून फोन काढला.

लुतगार्ट फोनकडे बघून हसली. तो फोन पुढे कालव्यात पडला, फोटोसकट.

मित्रांनो, थंडीतही आम्ही म्हातारे होतो, अंगात हळूहळू धुकं चढतं, मग चित्र धड उमटत नाही. तुमच्या घरी काही फार आवडीचं जपून ठेवलेलं असेल, तर आजच बाहेर काढा आणि वापरा. नुसतं कोंडून ठेवणाऱ्याच्या प्रेमाचा मला आता सगळ्यांत जास्त संशय येतो. त्या दिवशी फाटकाशी लुतगार्ट कशी दिसत होती, हे मी तुम्हाला दाखवू शकलो असतो. पण मी कोरा आहे.