ताईनं ‘हो’ म्हटलं तर

“शेजारून वाटीभर साखर आणली आणि चार दिवसांनी परत केली, तसा हा पहिला, नाणेबाजार,” पोपटराव फळ्यावर लिहीत म्हणाले. “थोड्या दिवसांची उसनवारी.”

नव्यानं नोकरीला लागलेली सात मुलं हसली. शेअर दलालाच्या त्या कचेरीत पोपटराव एकतीस वर्षं फोनवर ऑर्डरी घेत होते. गिऱ्हाइकाची ऑर्डर त्यालाच परत वाचून दाखवायची आणि पलीकडून ‘हो’ आलं तरच बाजारात टाकायची, असा नियम होता. बाकीचे दोन शब्दांत उरकायचे, हे अक्षर न् अक्षर वाचायचे. म्हणून पोपटराव. खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं.

आज मात्र त्यांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. काचेपलीकडच्या आपल्या फोनकडे ते सारखे बघत होते.

“दुसरा रोख्यांचा. आपण पैसे द्यायचे, त्यांनी ठरलेलं व्याज द्यायचं, मुदत संपली की मुद्दल परत. तिसरा शेअरांचा. तिथं आपण वाटेकरी, नफ्यातही आणि खड्ड्यातही. चौथा चलनांचा...” खडू मोडला. त्यांनी अर्ध्या तुकड्यानं पाचाचा आकडा काढला आणि पुन्हा काचेकडे पाहिलं.

सकाळीच थोरल्या बहिणीशी वाजलं होतं. ताई निवृत्त नर्स, एकटी राहणारी. शेजारणीच्या जावयानं तांब्याच्या वायद्यांत, म्हणजे पुढच्या भावावर आजच लावलेल्या सौद्यांत, पैसे दुप्पट केले म्हणे. ताईलाही सगळे रोखे विकून तेच करायचं होतं.

“अगं, वायद्यात आहे ते जातं, वर पदरचं भरावं लागतं!”

“जन्मभर जपूनच जगले मी. तुझा सल्ला नकोय. दुपारी ऑर्डर देईन, ती गुमान घे.”

रोख्यांचा बाजार बंद व्हायला दहा मिनिटं असताना फोन वाजला. पोपटराव धावतच गेले.

“सगळे रोखे विक. आणि तांबं घे,” ताई म्हणाली.

ओठांवर आलेलं त्यांनी गिळलं. फोन रेकॉर्ड होत होता, सल्ला द्यायला बंदी होती. परत वाचायला नव्हती. ‘सगळे’ म्हणून भागलं असतं, पण त्यांनी यादी उघडली आणि अकरा रोखे एकेक करून वाचायला घेतले. नग, मुदत, घेतल्याची तारीख. दुसरा ताईच्या बढतीचा होता. पाचवा रात्रपाळीच्या भत्त्यांचा. आठवा, आई गेल्यावर मोडलेल्या बांगड्यांचा. त्यातलं ते काहीच बोलले नाहीत, नुसत्या तारखा वाचत गेले. मग तांब्याचे वायदे वाचले.

“बरोबर आहे? ‘हो’ म्हण, ताई.”

तिनं ‘हो’ म्हटलं तर बटण आपल्यालाच दाबावं लागणार, हे त्यांना ठाऊक होतं.

“ताई?”

“ऐकतेय.”

पडद्यावरचे आकडे हलायचे थांबले.

“बाजार बंद झाला, ताई.”

“कळलं. आठवा बांगड्यांचा ना रे?”

“हो.”

“उद्या परत करते फोन.”

“कर. मी परत वाचीन.”

आजचं मरण उद्यावर गेलं होतं, एवढंच. ते वर्गात परतले. मुलं अजून बसून होती.

“सर, पाचवा कुठला?”

पोपटरावांनी ‘वायद्यांचा’ लिहायला खडू उचलला. पाचाच्या आकड्यापुढच्या मोकळ्या जागेशी नेला आणि तसाच खाली ठेवला.

“उद्या,” ते म्हणाले.